घरगुती संगणकांची चढाओढ

शहापूरच्या खडेबाजारात लग्नसराईच्या दिवसांत गिऱ्हाइकाची मोठी चैन असते. एका दुकानातले लुगडे मनास आले नाही तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी. एकाने भाव चढा सांगितला तर पलीकडे जाऊन घासाघीस करावी. लुगडे एकाकडे घ्यावे, खण दुसऱ्याकडे घ्यावा आणि दोहोंचा मेळ आपल्या आवडीने घालावा. दुकानदारांची चढाओढ जितकी अधिक, तितका गिऱ्हाइकाचा लाभ अधिक, हा बाजाराचा जुना न्याय होय. परंतु समजा, एका दुकानातल्या लुगड्यावर दुसऱ्या दुकानातला खण चालेनासा झाला, किंवा एका पेढीचे सूत दुसऱ्या पेढीच्या मागावर चढेनासे झाले, तर त्या चढाओढीचा लाभ कितीसा उरेल? असा एक विलक्षण बाजार जगात खरोखरच भरला होता. १९७७ पासून पुढे सुमारे दहा वर्षे तो गजबजलेला राहिला आणि नंतर पाहता पाहता उठून गेला. तो बाजार घरगुती संगणकांचा होय.

त्यापूर्वी संगणक ही घरात आणण्याची वस्तू नव्हती. सरकारी खाती, विद्यापीठे, बँका आणि मोठे कारखाने यांच्या दारीच तो नांदत असे. त्याला स्वतंत्र दालन लागे, थंड हवा लागे, आणि त्याची उस्तवार करण्यास जाणत्या माणसांचा ताफा लागे. १९७१ साली इंटेल या अमेरिकन कंपनीने गणनेचे मुख्य काम करणारी सर्व मंडले नखाएवढ्या एका सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवून तो तुकडा विक्रीस काढला, आणि ही स्थिती पालटू लागली. १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. त्याचे सुटे भाग ४०० डॉलरांच्या आत मिळत. डाग देऊन ते ज्याचे त्याने जोडावयाचे. त्याला ना कळफलक, ना पडदा. दर्शनी भागावर खटक्यांची व दिव्यांची रांग तेवढी होती. तरीही मागण्यांचा पाऊस पडला, कारण संगणक आपल्या मालकीचा असावा ही इच्छा लोकांच्या मनात आधीच घर करून बसली होती.

त्याच वर्षी दुसरी एक घटना घडली. चक पेडल नावाच्या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'एमओएस टेक्नॉलॉजी' या कंपनीत '६५०२' नावाची चिप सिद्ध केली आणि ती अवघ्या २५ डॉलरांस विकण्यास मांडली. इतर कंपन्यांच्या तशाच चिपांना त्या वेळी याच्या कित्येक पट दाम मोजावे लागत. धान्य स्वस्त झाले की खानावळी वाढतात, त्याप्रमाणे चिप स्वस्त होताच संगणक करणारेही वाढले. १९७७ साली तीन यंत्रे एकामागून एक बाजारात आली: ॲपल कंपनीचे 'ॲपल टू', कमोडोर कंपनीचे 'पेट' आणि टँडी कंपनीचे 'टीआरएस ८०'. ॲपलची किंमत १,२९८ डॉलर होती, तर टँडीचे यंत्र पडद्यासह ६०० डॉलरांस मिळे. कळफलक असलेली, विकत आणून विजेच्या खुंटीला जोडावी आणि कामास लागावे अशी ही यंत्रे होती. चढाओढीची तुतारी या वर्षी वाजली असे म्हणावयास हरकत नाही.

या रणांगणातील सर्वांत झुंजार वीर म्हणजे कमोडोर कंपनीचा चालक जॅक ट्रॅमिएल हा होय. १९२८ साली पोलंडमधील लोड्झ शहरात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. नाझींच्या आऊशविट्झ छावणीतून तो वाचला, युद्धानंतर अमेरिकेस गेला, तेथे सैन्यात टंकलेखन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम शिकला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याच कामाचे दुकान त्याने थाटले. टंकलेखन यंत्रांवरून तो गणकयंत्रांच्या धंद्यात उतरला. त्यांच्या चिपा तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या बलाढ्य कंपनीकडून घेत असे. परंतु १९७५ च्या सुमारास या कंपनीने स्वतःचीच गणकयंत्रे इतक्या हलक्या भावात काढली की, ट्रॅमिएलला नुसते भाग जोडण्यासही त्याहून अधिक खर्च येई. जो सूत पुरवतो त्यानेच कापडाचे दुकान समोर उघडावे, असा हा प्रकार झाला. कमोडोर कंपनी बुडता बुडता वाचली. ट्रॅमिएलने त्यातून एकच बोध घेतला: आपली चिप आपण करावी. १९७६ साली त्याने २५ डॉलरांची चिप करणारी ती एमओएस कंपनीच विकत घेऊन टाकली.

सात वर्षांनी या हिशेबाची फेड झाली. १९८१ साली कमोडोरने 'व्हिक २०' हे यंत्र अमेरिकेत ३०० डॉलरांस विकण्यास काढले. दहा लाखांचा खप गाठणारा जगातील पहिला संगणक तो हाच. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे 'टीआय ९९/४ए' हे यंत्र ५२५ डॉलर किमतीस बाजारात आले होते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये कमोडोरने ५९५ डॉलरांचा 'कमोडोर ६४' आणला आणि पुढील वर्षभर दोघांनी एकमेकांचे भाव पाडण्याचा सपाटा लावला. कमोडोर ६४ ची किंमत २०० डॉलरांपर्यंत खाली आली; टेक्सासचे यंत्र १०० डॉलरांस मिळू लागले. कोणतेही जुने यंत्र आणून द्यावे आणि कमोडोर ६४ वर १०० डॉलरांची सूट घ्यावी, अशीही योजना निघाली. तेव्हा चतुर गिऱ्हाइकांनी सुमारे ५० डॉलरांचा स्वस्त संगणक केवळ सुटीसाठी विकत घ्यावा व तो उघडूनही न पाहता परत द्यावा, असे प्रकार घडले. कमोडोरच्या चिपा घरच्या होत्या, म्हणून त्याला ही झीज सोसली. टेक्सासला सोसली नाही. २८ ऑक्टोबर १९८३ रोजी त्या कंपनीने घरगुती संगणकांच्या धंद्यातून अंग काढून घेतले. ट्रॅमिएलचा सूड पुरा झाला. परंतु १९८४ च्या जानेवारीत त्यालाही स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले.

याच वेळी इंग्लंडमध्ये दुसरी एक चढाओढ रंगली होती. तेथील सर क्लाइव्ह सिंक्लेअर हे छोटी गणकयंत्रे व रेडिओ करणारे हिकमती गृहस्थ. १९८० साली त्यांनी 'झेडएक्स ८०' हे यंत्र १०० पौंडांच्या आत विकून दाखवले. पुढच्याच वर्षी 'झेडएक्स ८१' आणखी स्वस्त, ७० पौंडांच्या आत दिले. आणि २३ एप्रिल १९८२ रोजी रबरी कळांचे 'स्पेक्ट्रम' हे यंत्र १२५ व १७५ पौंड अशा दोन किमतींस बाजारात आणले. पडद्यासाठी घरातलाच टेलिव्हिजन वापरावयाचा आणि आज्ञावल्या साठवण्यास गाण्यांचाच कॅसेट टेपरेकॉर्डर घ्यावयाचा, ही त्यांची काटकसर होती. स्पेक्ट्रमची मोठ्यात मोठी स्मृती ४८ किलोबाईट, म्हणजे जेमतेम ४९,००० अक्षरांची. आजच्या भ्रमणध्वनीवर टिपलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तथापि तेवढ्या स्मृतीत इंग्लंडमधील शाळकरी मुलांनी खेळ रचले, चित्रे रेखाटली आणि काहींनी धंदाही उभा केला.

सिंक्लेअर यांचे जुने सहकारी ख्रिस करी हे त्यांच्यापासून वेगळे झाले आणि हर्मन हाउझर यांच्यासह त्यांनी १९७८ साली केंब्रिजमध्ये 'एकॉर्न' कंपनी स्थापिली. पुढे बीबीसी या इंग्लंडच्या नभोवाणी संस्थेने जनतेस संगणकाची ओळख करून देण्याची मोहीम आखली आणि तिच्यासाठी एक यंत्र निवडण्याचे ठरवले. सिंक्लेअर यांनीही प्रयत्न केला. परंतु एकॉर्नच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर या तरुण अभियंत्यांनी सहकाऱ्यांसह अहोरात्र खपून आठवड्याभरात नमुना उभा केला आणि मान एकॉर्नला मिळाला. १९८१ च्या अखेरीस 'बीबीसी मायक्रो' बाजारात आला. सुरुवातीला १२,००० यंत्रांचा खप होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे १५ लाख यंत्रे खपली. शाळांना अर्धी किंमत सरकार देई, त्यामुळे इंग्लंडच्या वर्गावर्गांत हा संगणक जाऊन बसला.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणासही वाटेल की, चढाओढीने गिऱ्हाइकाचे कल्याणच केले. हजार-बाराशे डॉलरांची वस्तू पाच-सहा वर्षांत शंभर-दोनशे डॉलरांवर आली, हे कल्याण नव्हे काय? होय, पण ते अर्धेच होते. स्पेक्ट्रमसाठी विकत घेतलेली कॅसेट कमोडोरवर चालत नसे. कमोडोरची ॲपलवर चालत नसे. गंमत अशी की, या बहुतेक यंत्रांच्या पोटात दोनच जातींच्या चिपा होत्या. ॲपल, व्हिक आणि बीबीसी यांच्या पोटात तीच ६५०२ होती. टँडी आणि स्पेक्ट्रम यांच्या पोटात 'झेड ८०' होती. भाषाही नावापुरती एकच होती. जवळजवळ सर्वांना 'बेसिक' नावाची सोपी संगणकभाषा येत असे, पण प्रत्येकाची बोली निराळी. एकच काम सांगण्यास एकीकडे एक शब्द, तर दुसरीकडे दुसरा.

या अडचणीचे मर्म बेळगाव भागातील जुन्या प्रवाशांना लवकर उमगेल. १९७० नंतरच्या काळात पुणे-मिरज लोहमार्ग ब्रॉडगेज झाला, परंतु मिरजेच्या दक्षिणेचा बेळगाव-लोंढ्याचा मार्ग पुढे दीर्घ काळ मीटरगेजच राहिला. बेळगावहून पुण्यास निघालेल्या माणसाला मिरजेस उतरावे लागे. ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि झोपलेली मुले हे सर्व एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, दोन्ही चालकांना आपले काम येत होते, लोखंडही त्याच जातीचे होते. फरक रुळांमधील अंतराचा. घरगुती संगणकांच्या दुनियेत असे मिरज पावलोपावली होते आणि तेथे हमालही मिळत नसे. ज्याने वर्षभर खपून एका यंत्रावर दुकानाचा हिशेब बसवला, त्याची कंपनी बुडाली की हिशेबही बुडे.

ही अडचण सोडवण्याचा एक सुंदर प्रयत्न रेडिओने केला, याची आठवण रेडिओच्या श्रोत्यांना द्यावयास हवी. आज्ञावली कॅसेटवर साठवली जाते ती ध्वनीच्या रूपात. मग तो ध्वनी प्रक्षेपित का करू नये, असा विचार हॉलंडमधील 'नोस' या प्रसारण संस्थेच्या 'हॉबीस्कूप' कार्यक्रमाच्या चालकांनी केला. रेडिओतून कर्कश चिरचिराट ऐकू येई. श्रोते तो टेपवर उतरवून घेत आणि आपल्या संगणकाला ऐकवीत. पण श्रोत्यांचे संगणक नाना जातींचे! म्हणून १९८० नंतर त्यांनी 'बेसिकोड' नावाची एक समाईक बोली ठरवली. प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी एक छोटा दुभाषा करून दिला की, तीच आज्ञावली सर्वांच्या घरी चालू लागे. पुढे बीबीसीनेही हा उपक्रम उचलला. कोणत्याही कारखानदाराला जे सुचले नाही, किंवा सुचूनही नको होते, ते एका रेडिओ कार्यक्रमाने करून दाखवले.

कारखानदारांना ते नको का होते, हेही उघड आहे. गिऱ्हाईक एकदा आपल्या वाड्यात आले की त्याने बाहेर पडू नये, असे प्रत्येकास वाटे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर शेवटी शेवटी आपले यंत्र असे रचले की, परक्यांनी परवानगीवाचून केलेल्या आज्ञावल्यांच्या पेट्या त्यावर चालूच नयेत. परिणाम उलट झाला. लिहिणारे हात दूर राहिले. आणि लिहिणारे हात नसतील तर संगणक म्हणजे रिकामे कपाट. १९८३ साली जपानी कंपन्यांनी 'एमएसएक्स' या एका समाईक आराखड्यावर यंत्रे काढण्याचे ठरवले. विचार योग्य होता. परंतु तोपर्यंत फार उशीर झाला होता, कारण खरा विजेता निराळ्याच दाराने आत आला होता.

तो विजेता म्हणजे आयबीएम कंपनीचा 'पर्सनल कॉम्प्युटर'. १२ ऑगस्ट १९८१ रोजी तो जाहीर झाला. त्याची मूळ किंमत १,५६५ डॉलर होती, म्हणजे तो स्वस्त नव्हता. रंग, ध्वनी आणि खेळ यांत कमोडोर त्याला सहज मागे टाकी. त्याचे बळ दुसरीकडे होते. घाईघाईत तो सिद्ध करावयाचा असल्यामुळे आयबीएमने चिप इंटेलकडून घेतली, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, यंत्राच्या पोटात कोणालाही नवे भाग बसवता येतील अशा खाचा ठेवल्या आणि अंतर्रचनेची माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मायक्रोसॉफ्टने आपली प्रणाली इतरांस विकण्याचा हक्क राखून ठेवला होता. १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक कंपनीने आयबीएमच्या यंत्राचा अभ्यास करून, त्याची नक्कल न करता, त्याच्यासारखेच वागणारे यंत्र सिद्ध केले आणि मागोमाग शेकडो कारखाने त्याच वाटेने गेले. यापुढे चढाओढ थांबली असे नव्हे. ती अधिकच तीव्र झाली. पण आता सर्व गाड्या एकाच रुंदीच्या रुळांवर धावत होत्या. कारखाना बुडाला तरी गिऱ्हाइकाचा हिशेब बुडत नव्हता. रूळ सर्वांचे झाले आणि आयबीएमचे श्रेष्ठत्व मात्र त्या रुळांवरूनच निसटून गेले, हा त्यातला दैवाचा खेळ.

इतरांचे पुढे काय झाले? १९८४ च्या नाताळात इंग्लंडमध्ये यंत्रे फार झाली आणि गिऱ्हाइके थोडी पडली. १९८५ साली एकॉर्नला इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीचा आश्रय घ्यावा लागला. १९८६ च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांस विकला. ज्याने एक कोटीहून अधिक यंत्रे खपवली त्या कमोडोर कंपनीचेही दिवाळे १९९४ साली निघाले.

हिंदुस्थानात या बाजाराचे दूरचे पडसाद उमटले. १९७८ साली आयबीएमने येथून गाशा गुंडाळला होता. परवाने आणि जकाती यांच्या कुंपणामुळे परदेशी यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात येत नसे. १९८४ च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि कुंपण काहीसे सैल झाले. त्याच सुमारास शाळांतून संगणकाची ओळख करून देण्याचा 'क्लास' नावाचा केंद्रीय प्रकल्प सुरू झाला. प्रारंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना यंत्र मिळाले ते बीबीसी मायक्रो. चंडीगडजवळ मोहाली येथील सरकारी मालकीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या कारखान्याने त्याचीच भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली. इंग्लंडमध्ये एकॉर्नचा प्रतिस्पर्धी जो सिंक्लेअर, त्याचे यंत्रही मागे राहिले नाही. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम' हा संगणक विक्रीस काढला. केंब्रिजच्या दोन कंपन्यांचे भांडण अशा रीतीने मोहाली आणि पुणे येथे येऊन पोहोचले. मात्र येथे ते भांडण राहिले नाही. एक यंत्र शाळेचे झाले, दुसरे हौशी घरांचे. आणि १९९० च्या सुमारास, आयबीएमच्या जातीची यंत्रे देशात ठिकठिकाणी जोडली जाऊ लागल्यावर, दोन्ही मागे पडली.

या यंत्रांनी काय दिले, याचे मोजमाप खपाच्या आकड्यांनी करू नये. शाळेच्या वाट्याला मोजकी यंत्रे येत आणि मुले पुष्कळ असत, हे खरे. तरीही ज्या मुलाने पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेपुढे पहिली आज्ञा लिहिली आणि यंत्राने ती पाळली, त्याला एक गोष्ट कायमची कळली: हे यंत्र माणसाने सांगितलेले ऐकते, आणि सांगणारा माणूस मीही असू शकतो. पण हे सांगणे इंग्रजीत असे. मराठी शाळेतल्या मुलाला यंत्राचा दरवाजा उघडण्याआधी परक्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हे रेखाटण्याची सोय होती. पण ती २१ चिन्हांपुरती, आणि प्रत्येक चिन्हास आठ गुणिले आठ ठिपक्यांचा चौकोन. एवढ्या जागेत बाराखडी, काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे कशी मावावीत? 'ज्ञ' आणि 'क्ष' तर दारातच ताटकळत राहावयाचे.

देवनागरीची ही कोंडी फुटली ती त्या मोकळ्या खाचांमुळे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचे तंत्र सिद्ध करीत होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तेथे गेले. जिस्ट हे एक कार्ड होते. आयबीएमच्या जातीच्या कोणत्याही संगणकाच्या खाचेत ते बसवले की, इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतूनही देवनागरी अक्षरे उमटू लागत. प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे राहिले असते, तर असे कार्ड किती जातींसाठी करावे लागले असते, याची कल्पना केलेली बरी!

यानंतर मराठीच्याच अंगणात एक शिकवणूक पुन्हा घ्यावी लागली. १९९० नंतर मराठी छपाई संगणकावर आली आणि अक्षररूपे विकणाऱ्या कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. पुण्याची 'श्रीलिपी' होती, बंगळूरची 'आकृती' होती, आणखीही होत्या. अक्षरे देखणी होती, कारागिरी उत्तम होती. परंतु प्रत्येकाचा संकेत निराळा. एकाच्या 'क' चा क्रमांक दुसऱ्याकडे भलत्याच चिन्हाचा. एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की, पडद्यावर केवळ रेघोट्या आणि परकी चिन्हे दिसत. लेख पुन्हा बसवून घ्यावा लागे. पुन्हा तेच मिरज, पुन्हा तीच वळकटी.

वस्तुतः समाईक रूळ तोपर्यंत आखला गेला होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' हा संकेत प्रमाण म्हणून जाहीर केला आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या 'युनिकोड' या संकेताची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली. इस्कीमागील विचार सीमाभागातील माणसाने मुद्दाम ध्यानी घ्यावा असा आहे. मराठी आणि कन्नड यांची अक्षररूपे निराळी, पण वर्णमाला एकाच घराण्यातली: क नंतर ख, ख नंतर ग. म्हणून दोन्ही लिप्यांतील 'क' ला एकच क्रमांक देण्यात आला, आणि 'इन्स्क्रिप्ट' या प्रमाण कळफलकावर दोन्ही लिप्यांचा 'क' एकाच कळेवर बसवण्यात आला. शहापुरातील ज्या मुलीने या कळफलकावर मराठी लिहिण्याचा सराव केला आहे, तिची बोटे कन्नड लिहिण्यासही बहुतांशी तयार झालेली असतात. पूर्वजांनी वर्णमाला रचताना जो मेळ घातला होता, तोच संगणकाच्या कामी आला. पुढे युनिकोड सर्वत्र रुळला आणि मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न बिघडता जाऊ लागला.

हरलेल्यांचे श्रमही वाया गेले नाहीत. ज्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो भारतातील शाळांत येऊन बसला होता, तिच्याच विल्सन आणि फर्बर यांनी पुढच्या यंत्रासाठी एक नवी चिप आखली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती प्रथम चालू झाली. तिचे नाव 'आर्म'. ती अत्यल्प विजेवर चाले, म्हणून पुढे खिशातल्या यंत्रांना मानवली. आज जगातील बहुतेक सर्व भ्रमणध्वनींत याच घराण्याच्या चिपा आहेत. शाळेतला जुना बीबीसी संगणक भंगारात गेला असेल. त्याचा वंश मात्र त्याच शाळेतील मुलांच्या आईबापांच्या खिशात आहे.

तथापि एक गोष्ट या वंशाने वाटेत हरवली. जुना घरगुती संगणक चालू केला की, रिकामा पडदा आणि लुकलुकणारी खूण समोर येई. तो काही दाखवीत नसे. 'सांग, काय करू?' असे जणू विचारी. आजचा भ्रमणध्वनी पुष्कळ दाखवतो, पण असे विचारीत नाही. ही उणीव जाणून केंब्रिजमध्येच २०१२ साली 'रास्पबेरी पाय' नावाचा लहानसा, अल्पमोली संगणक मुलांसाठी काढण्यात आला. बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थ त्याच्या प्रकारांनाही 'ए' आणि 'बी' अशीच नावे ठेवण्यात आली. त्याच्या पोटातही आर्म चिपच आहे.

या साऱ्या चढाओढीचा हिशेब मांडला तर दोन्ही बाजूंना जमा दिसते. भाव उतरले ते स्पर्धेमुळे. ट्रॅमिएल आणि सिंक्लेअर यांनी एकमेकांवर व इतरांवर ईर्षेने मात केली नसती, तर संगणक आणखी कित्येक वर्षे श्रीमंतांच्या दालनातच राहिला असता. पण त्या स्वस्त यंत्रांचे चीज झाले ते समाईक संकेतांमुळे, आणि हे संकेत ठरवताना कोणीतरी आपला वाडा सोडून चव्हाट्यावर येऊन बसावे लागले. स्पर्धा कोणाशी करावी आणि सहमती कशावर करावी, हे ज्या समाजाला ओळखता येते त्याच्या मुलांना मिरजेस उतरावे लागत नाही. आज नवनवी यंत्रे आणि त्यांच्या नव्या भाषा पुन्हा एकमेकांशी झगडत दारात उभ्या आहेत. त्यांतील कोणते यंत्र स्वस्त, कोणते वेगवान, हे मुलांनी अवश्य पाहावे. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: यावर लिहिलेले माझे चार शब्द, माझ्या भाषेत, हे यंत्र गेल्यावरही मला वाचता येतील ना?